तुम्ही विचारलंत म्हणून : त्या दहापटीचे काय झाले?

लिथियम बॅटरीसाठी सिलिकॉन आणि कार्बनच्या अ‍ॅनोडवर, म्हणजे ऋण टोकावर, काम करतो असे सांगितले की लग्नाच्या पंगतीतसुद्धा तोच प्रश्न येतो : सिलिकॉन आजच्या अ‍ॅनोडमधल्या ग्रॅफाइटच्या दहापट लिथियम साठवते, तर मग फोन दहापट का चालत नाही? आजवर हसून वेळ मारून नेली; आता एकदाचे लिहूनच टाकतो.

आकडा खरा आहे. ग्रॅममागे ग्रॅफाइट 372 मिलिअँपिअर-तास विद्युतभार धरते आणि सिलिकॉन सुमारे 3,600. परंतु समोरचा कॅथोड, म्हणजे धन टोक, ग्रॅममागे 200 च्या आसपासच थबकलेला असल्यामुळे अ‍ॅनोडचे वजन शून्यावर आणले, तरी त्याच वजनात फार तर दीडपट पदरात पडते. हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही जमेल. मी मात्र ते न करताच पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी एका वार्ताहराला ‘दहापट’ हा शब्द दिला, आणि भाताच्या तुसापासून बॅटरी केल्याची बातमी माझ्या छायाचित्रासह छापून आली.

तुसाच्या राखेतील सिलिका मॅग्नेशियमबरोबर तापवून मी सिलिकॉन मिळवले होते, आणि माझा सेल चार्ज होऊन रिकामा होण्याच्या 200 फेऱ्या चालला होता. त्यात खोटे काहीही नव्हते. एवढेच, की समोर कॅथोडऐवजी लिथियमचा पत्रा होता, म्हणजे जेवढे लिथियम वाया जाई तेवढे मुकाट्याने भरून निघे. बातमीनंतर दोन महिन्यांनी सर म्हणाले, ‘‘आता खरा कॅथोड लावून दाखवा.’’ प्रत्येक फेरीला एक टक्का लिथियम गळत होते. 99 टक्के परत मिळते हे ऐकायला बरे वाटते, पण त्या हिशेबाने सत्तर फेऱ्यांत निम्मी बॅटरी संपते, आणि माझी तशीच संपली. ग्लोव्हबॉक्स या हवाबंद पेटीत सेल उघडला तेव्हा काळा लेप तांब्याच्या पत्र्यावरून पापुद्र्यांसारखा सुटून आला. लिथियम घेताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते, सोडताना आक्रसते आणि तडकते. उघड्या पडलेल्या प्रत्येक नव्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, विघटित होऊन साय धरते, आणि त्या सायीत अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. हातमोज्यांतून तो पापुद्रा चिमट्याने उचलताना मला बातमीतले छायाचित्र आठवत होते.

म्हणून कार्बन. ‘‘म्हणजे भेसळच की,’’ असे कोणी म्हटले की मला राग येतो. सच्छिद्र कार्बनच्या छिद्रांत सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूपासून सिलिकॉन बसवले, तर त्याला फुगायला आतच जागा मिळते. 2023 पासून सिलिकॉन-कार्बनचे अ‍ॅनोड असलेले फोन बाजारात आहेत, तेही ग्रॅफाइटमध्ये थोडेसेच मिसळून. ही माघार आहे की प्रगती, याबद्दल माझे मत महिन्यागणिक बदलते.

ती बातमी दुरुस्त करा, असे मी कधीच कळवले नाही. वार्ताहराने विचारले नव्हते, असे तेव्हाचा मी म्हणतो. त्याने काय विचारायचे हे त्याला कसे कळणार, असे आजचा मी म्हणतो. पण गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने 300 फेऱ्यांचा सपाट आलेख दाखवला, तेव्हा मी आधी ‘‘वा!’’ म्हणालो, आणि समोर कॅथोड होता की लिथियमचा पत्रा, हे विचारायला दुसरा दिवस उजाडला.