आठ इंची दुर्बीण आणि बाह्यग्रहांच्या अधिक्रमणाची मध्यवेळ: हिवाळी हंगामाची नोंद

बाह्यग्रह म्हणजे सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह; तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा अधिक्रमण होते आणि ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. या हंगामात माझ्या निरीक्षणांचा रोख बदलला आहे. ताऱ्याचा प्रकाश किती टक्क्यांनी घटला यापेक्षा अधिक्रमणाच्या मध्याची वेळ किती खात्रीने सांगता येते, हे पाहून मी आता रात्रीचे नियोजन करतो. ग्रहाचा आकार मोठ्या वेधशाळांनी आपल्यापेक्षा कितीतरी अचूक मोजलेला असतो. परंतु त्यांना एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा वळणे परवडत नाही, आणि तेवढ्या काळात कक्षाकाळातील (ग्रहाला एका फेरीस लागणाऱ्या वेळेतील) बारीक त्रुटी प्रत्येक फेरीगणिक साठत जाते. वॉस्प-१२ बी हा ग्रह वर्षाला सुमारे ३३५ फेऱ्या पूर्ण करतो. त्याच्या कक्षाकाळात एका सेकंदाची जरी चूक असली, तरी वर्षअखेरीस भाकीत साडेपाच मिनिटांनी हुकते. युरोपीय अवकाश संस्थेच्या, बाह्यग्रहांच्या अभ्यासासाठीच्या एरियल मोहिमेसाठी चालणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पाला हौशी निरीक्षकांची मोजमापे हवी असतात, ती याचसाठी.

साहित्य जुनेच आहे: ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण, जर्मन पद्धतीचे विषुववृत्तीय माउंट (दुर्बीण ताऱ्यांसोबत फिरवणारा आधार), थंड करता येणारा एकरंगी सीमॉस कॅमेरा आणि लाल फिल्टर. १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना नोंदवला, तेव्हा त्यांच्या दुर्बिणीचा व्यास जेमतेम १० सेंटिमीटर होता. त्यामुळे दुर्बीण लहान आहे ही सबब मला पटत नाही.

हंगामातील बहुतेक चांगल्या रात्री मी वॉस्प-१२ बी या ग्रहालाच दिल्या. सारथी तारकासमूहातील त्याचा तारा ११.७ प्रतीचा (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) असून अधिक्रमणाच्या वेळी त्याचा प्रकाश सुमारे १.४ टक्क्यांनी घटतो. या ग्रहाची कक्षा हळूहळू आक्रसत आहे, हे आता प्रस्थापित झाले आहे. कक्षाकाळ वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतो. ऐकताना ही घट नगण्य वाटते, पण फेऱ्यांची बेरीज केली तर १० वर्षांत अधिक्रमण अपेक्षेपेक्षा सुमारे ८ मिनिटे आधी घडू लागते. मध्यवेळ एका मिनिटाच्या आसपास पकडता आली, तर हा परिणाम खेड्यातल्या गच्चीवरूनही मोजता येतो.

त्याचे वेळापत्रकही आपल्या सोयीचे आहे. कक्षाकाळ १.०९१४ दिवसांचा असल्याने प्रत्येक अधिक्रमण आदल्यापेक्षा सुमारे २ तास १२ मिनिटे उशिरा येते, आणि ११ फेऱ्यांनंतर, म्हणजे १२ दिवसांनी, जवळपास त्याच घटकेला परतते. फरक पडतो तो केवळ ८ मिनिटांचा. अधिक्रमण सुमारे तीन तास चालते. त्याच्या आधीचा व नंतरचा एकेक तास धरून सलग पाच तासांची नोंद झाली नाही, तर ती रात्र मी मध्यवेळेच्या हिशेबात धरत नाही. प्रकाशवक्राचा (वेळेनुसार मोजलेल्या प्रकाशाच्या आलेखाचा) अधिक्रमणाबाहेरचा सपाट भाग एका बाजूला तोकडा पडला की वातावरणातून येणारा उतार आणि खरी घट यांची सरमिसळ होते व मध्यवेळ त्या बाजूने ओढली जाते.

अडचण आहे ती माउंटची. जानेवारीच्या सुरुवातीस हा तारा मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावरून याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा) ओलांडतो, आणि तेव्हा दुर्बीण उलटवावी लागते. तारा त्यानंतर कॅमेऱ्याच्या संवेदकाच्या वेगळ्याच भागावर पडतो आणि वक्रात पायरी उमटते. म्हणून दुर्बीण उलटवण्याची वेळ प्रवेश किंवा निर्गम (ग्रह ताऱ्याच्या बिंबावर येणे व त्यावरून बाहेर पडणे) यांच्या उतारावर येणार नाही, अशाच तारखा मी निवडतो, आणि सपाट चौकटी (संवेदकाचा असमानपणा दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेली चित्रे) प्रत्येक संध्याकाळी नव्याने घेतो. तारा मुद्दाम थोडा अस्पष्ट ठेवून ६० सेकंदांचे उद्भासन (एक्सपोजर) घेतल्यास वक्रावरील बिंदूंचे विखुरलेपण ४ सहस्रांश प्रतीच्या आसपास राहते, आणि त्यातून मध्यवेळेची अनिश्चितता साधारण एका मिनिटावर येते.

अंधाराचे महत्त्व आपण अंमळ जास्तच सांगतो, असे माझे मत झाले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, याचा विदर्भातील आम्हा सर्वांना आनंदच आहे. परंतु बाराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्याच्या प्रकाशमापनाला खरी बाधा होते ती हवेची. वरुडकडच्या संत्र्याच्या बागा आणि ओलिताचा गहू यांमुळे डिसेंबरात मध्यरात्रीनंतर इतके दव पडते की दुय्यम आरशाला हीटर लावल्यावाचून चालत नाही. फेब्रुवारीपासून पऱ्हाट्या आणि धुरे पेटवल्याचा धूर येतो. तो संपूर्ण दृश्यक्षेत्रावर सारखा पसरलेला असेल, तर त्याच चित्रातले, ज्यांच्याशी प्रकाश ताडून पाहतो ते तुलनेचे तारेही तितकेच मंदावतात आणि गुणोत्तर टिकते. तो पट्ट्यापट्ट्यांनी सरकू लागला की मात्र ती रात्र सोडून द्यावी. रानडुकरांसाठी जागलीवर असलेल्या भाऊंचे टॉर्च त्यामानाने निरुपद्रवी आहेत. पार्श्वभूमी क्षणभर वाढते, ती चौकट वगळली की काम भागते, आणि कित्येकदा चहाही तिकडूनच येतो.

वेळ मोजायची म्हटल्यावर घड्याळाकडे दुर्लक्ष करून भागत नाही. गावात मोबाइलचे नेटवर्क रात्री डळमळते, म्हणून संगणकाचे घड्याळ मी जीपीएस ग्राहकावरून जुळवतो. प्रत्येक चित्राची वेळ उद्भासनाच्या मध्याची धरावी आणि ती सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राच्या वेळेत बदलावी. पृथ्वी कक्षेत कुठे आहे, त्यानुसार हा फरक आठ मिनिटांहून अधिक असू शकतो. शिवाय समन्वित जागतिक वेळ आणि या गणनेत वापरली जाणारी गतिकीय वेळ यांत सुमारे ६९ सेकंदांचे अंतर आहे. एका मिनिटाच्या अचूकतेची भाषा करणाऱ्याने हे अंतर जमेस धरलेच पाहिजे. नोंद पाठवताना कोणती कालपद्धती वापरली, ते स्पष्ट लिहावे.

जंबूक तारकासमूहातील एचडी १८९७३३ बी ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी घेतला. २.४ टक्क्यांची घट सुरेख उमटली. तारा ७.७ प्रतीचा असल्यामुळे तेवढाच तेजस्वी तुलनातारा एक अंशाच्या चौकटीत सापडणे कठीण जाते, म्हणून वेळेच्या कामासाठी त्याला मी दुसरी पसंती देतो.

उन्हाळ्यासाठी शौरी तारकासमूहातील ट्रेस-३ बी निवडला आहे. त्याचे अधिक्रमण दीड तासाच्या आत आटोपते. ग्रह ताऱ्याच्या कडेजवळून जात असल्याने वक्राला सपाट तळ जवळपास नसतो, आणि दोन्ही बाजूंचे तीव्र उतार मध्यवेळेला पोषक ठरतात. तारा १२.४ प्रतीचा आहे आणि मे महिन्यात आमच्याकडे रात्रीही हवा तापलेली असते. त्यामुळे कॅमेरा शून्य अंशापर्यंत उतरेल या भरवशावर न राहता ५ अंशांच्या अंधार-चौकटी (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेली चित्रे) आताच तयार करून ठेवत आहे. पुणे, नाशिक किंवा कोकणाकडील कोणी त्याच रात्री तेच अधिक्रमण घेणार असेल, तर आपल्या दोघांच्या हवेचा एकमेकींशी संबंध नसल्याने दोन्ही मध्यवेळांची सरासरी एकट्याच्या मोजमापापेक्षा अधिक भरवशाची ठरेल. तारखा एप्रिलअखेर निश्चित करू. फिल्टर मात्र दोघांनीही लालच ठेवावा.