मदत पाठवण्याआधी एक फोन

परदेशात राहणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या समाजांच्या मदतमोहिमांत मी स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. मायदेशी संकट कोसळल्याची बातमी आल्यानंतरची पहिली संध्याकाळ सगळीकडे सारखीच असते. नातेवाइकांचे फोन लागत नाहीत, हातावर हात ठेवून बसवत नाही आणि कोणीतरी रिकामी खोकी घेऊन येते. अशाच एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना एका खोक्यात मला गोळ्यांची अर्धवट वापरलेली पाकिटे सापडली. दोन पाकिटांची मुदत संपली होती आणि उरलेल्यांवरचा मजकूर ती जिथे जाणार होती तिथल्या परिचारिकेला वाचता आला नसता. देणाऱ्याने ती मनापासूनच दिली होती, यात मला शंका नाही. तरीही ते खोके रवाना झाले असते तर ते उघडणे, निवडणे आणि शेवटी नष्ट करणे यात तिथल्या एखाद्या दमलेल्या माणसाचा वेळ खर्ची पडला असता.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून किमान ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तिथे पोचले. त्यातले जेमतेम ३० टक्के लगेच वापरण्याजोगे होते. खोकी विमानतळावर आणि गोदामात जागा अडवतात, कस्टमची कागदपत्रे मागतात, आणि जी वस्तू तिथल्याच बाजारात मिळते ती बाहेरून फुकट आली की तग धरून असलेल्या दुकानदाराचाही धंदा बसतो. म्हणून, अगदी ठरावीक वस्तूची ठरावीक मागणी आली नसेल तर पैसेच पाठवावेत, असे माझे आता ठाम मत आहे.

मात्र परदेशस्थ समाजाकडे पैशांहूनही दुर्मीळ असे काही असते, ते म्हणजे भाषा, गल्लीबोळांची माहिती आणि फोन कोणाला करायचा याचे ज्ञान. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाल्यावर लोक मदतीसाठी ४६३६ या क्रमांकावर तिथल्या क्रेओल भाषेत मोबाइल संदेश पाठवू लागले. बाहेरून आलेल्या बचाव पथकांना ती भाषा येत नव्हती. तेव्हा वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी संगणकापुढे बसून हजारो संदेशांचे भाषांतर केले आणि संदेशातली अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगची ठिकाणे ओळखून ती नकाशावर दाखवून दिली. हे काम कोणत्याही मोठ्या संस्थेला तितक्या झपाट्याने जमले नसते. सीरियातल्या युद्धात अमेरिकेतील सीरियन वंशाच्या डॉक्टरांनी वेबकॅमच्या साहाय्याने तिथल्या अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांवर दुरून लक्ष ठेवले, तेही याच जातीचे काम.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध पेटले आणि बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी राजधानी खार्तुममधून आपली माणसे हलवली. मागे राहिलेल्या तरुणांनी वस्तीवस्तीत ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’, म्हणजे स्वयंसेवकांचे मदतगट, उभे केले आणि सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. ‘नफीर’ ही एकमेकांच्या हाकेला धावून जाण्याची तिथली जुनी रीत त्यामागे होती. या स्वयंपाकघरांना परदेशातल्या सुदानी लोकांचा मोठा आधार होता आणि पैसे मुख्यतः ‘बंकक’ या मोबाइल ॲपवरून पोचत असत. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेटवर्क बंद पडले, पैसे येईनात आणि अनेक स्वयंपाकघरे थंडावली.

माझी एक सुदानी सहकारी अशाच एका स्वयंपाकघराला पैसे पाठवते. तिच्या वहीत तीन रकाने आहेत: तारीख, काय मागितले, काय पोचले. ती आधी फोन करते, आज किती माणसे जेवली आणि डाळीच्या पोत्याचा भाव काय झाला हे विचारते, आणि मगच रक्कम ठरवते. जेवणाऱ्यांचे फोटो ती कधीही मागत नाही. तिथे स्वयंसेवकांना अटका झाल्या आहेत, त्यामुळे नावे आणि चेहरे समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे होय. देणगीदारांना हिशेब मिळालाच पाहिजे, पण तो वहीत आणि पावतीत असावा, हे तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

पैसे पाठवणे दिसते तितके सोपे नसते. एकदा मी तपशिलाच्या रकान्यात देशाचे नाव लिहिले एवढ्यानेच माझ्या बँकेने व्यवहार बरेच दिवस अडवून धरला. आर्थिक निर्बंध असलेल्या देशांच्या बाबतीत तर नियम आधी वाचावेच लागतात. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर अमेरिकेने सीरियातल्या मदतकार्यासाठी निर्बंधांतून १८० दिवसांची खास मोकळीक दिली होती. अशा सवलती मिळाव्यात म्हणून आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणे, स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी पाठपुरावा करणे, हेही मदतकार्यच आहे आणि ते परदेशात राहणाऱ्यांनाच करता येते. २०१६ मध्ये इस्तंबूलला झालेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि त्याचा जाब विचारणेही आपल्या हातात आहे.

सर्वांत अवघड असतो तो चौथा महिना. बातम्या थांबलेल्या असतात, गटातले संदेश विरळ होतात आणि तिथे मात्र चूल रोज पेटवावी लागते. म्हणून आमच्या गटाने पहिल्या आठवड्यात जमलेली रक्कम एकदम न पाठवता बारा महिन्यांत विभागली, आणि फोन करण्याची जबाबदारी आळीपाळीने वाटून घेतली. गेल्या महिन्यात माझी पाळी होती. पिठासाठी पैसे हवेत का, असे मी विचारले, तर पीठ पुरेसे आहे, विहिरीच्या पंपासाठी सौर बॅटरी हवी आहे, असे उत्तर आले. ती जवळच्या कोणत्या शहरात विकत मिळेल, याची चौकशी सध्या आम्ही करत आहोत.