उद्यमनगरचा बुश, ७८ ची सुई आणि पावसाळ्यातली बुरशी : प्लेयरचं काम कुठवर आलंय

आयडलर व्हीलवर (मोटरची गती थाळीला देणाऱ्या रबरी चाकावर) चालणाऱ्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरची घरघर अखेर गेली. मोटर ठणठणीत आहे, दोष प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, बेअरिंगमध्ये होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी शाफ्ट दोन बोटांत धरून जरासा हलवला आणि म्हणाले, "शाफ्ट बरा हाय मालक, बुशच खाल्लाय." बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. गनमेटलचा नवा बुश लेथवर काढला, रीमर मारून भोक नेमक्या मापाचं केलं आणि तळाचा छर्राही बदलला. बुश नीट बसलाय की नाही, हे ओळखायला मीटर लागत नाही. शाफ्टला पातळ तेल लावून प्लॅटर वरून सोडायचा. तो धपकन बसला, तर ढिला आहे. आमचा आता खालची हवा सरकवत इतका सावकाश उतरतो की शेवटचं बोटभर अंतर जायला चांगलाच वेळ घेतो. मिस्त्रींनी ते दोनदा करून बघितलं, मग मशीन बंद करून पुन्हा एकदा. इंजिनांचे आणि पंपांचे भाग करणाऱ्या हातांना हे काम आवडलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आयडलरचं रबर कडक झालं होतं आणि एका जागी चेपलं होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला ठोका यायचा. ते लेथवरच घासून गोल करून घेतलं. प्लेयर बंद करताना आयडलर मोटरपासून सुटलाय ना, एवढं बघत जा.

वेग तपासायला स्ट्रोब चकती कागदावर छापून घेतली; वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. त्या हिशेबाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी (एलपी) १८० रेघा आणि ७८ फेऱ्यांसाठी (जुन्या लाखेच्या रेकॉर्ड) ७७. एलईडीखाली बहुतेक वेळा रेघा स्पष्ट दिसत नाहीत, निऑनचा छोटा दिवा घ्या.

आता सुई. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या चौथाई आकाराची. ती ७८ च्या खाचेत थेट तळाला जाते, सगळा कचरा ऐकवते आणि स्वतःही झिजते. "जुन्या रेकॉर्डला खरखर असणारच" असं म्हणणाऱ्यांनी आधी सुई बदलून बघावी. माझ्याकडच्या गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ वर योग्य सुई टेकवली, तेव्हा तानेतला एकेक स्वर सुटा झाला. मागची तंबोऱ्याची जोडीसुद्धा ऐकू आली.

कोल्हापुरात हे जास्त जिव्हाळ्याचं आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले, पण त्यांचा आवाज तबकडीवर नाही. त्यांची गायकी ऐकायची तर केसरबाईंसारख्या शिष्यांच्या रेकॉर्डवरच. त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवरून अवकाशात गेली. आणि इथे त्यांच्या रेकॉर्ड माळ्यावर बुरशी खात पडल्यात.

बुरशीचं सांगतो, कारण आपल्या पावसात ती टळत नाही. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिक्विड साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश. खाचेच्या दिशेनेच फिरवा. मात्र लाखेच्या ७८ ला अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. तिथे फक्त पाणी आणि साबण, तेही पटकन, आणि लेबल कोरडं ठेवून. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, दमट भिंतीपासून लांब.

अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडीपेक्षा व्हिनाइल रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या : अंदाजे ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. चांगलंच आहे. या लाटेमुळे सुया, बेल्ट, कार्ट्रिज (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) पुन्हा मिळू लागले. पण महागड्या नव्या आवृत्त्यांच्या मागे लागण्याआधी मास्टर (तबकडी कापायला वापरलेलं मूळ ध्वनिमुद्रण) कुठून घेतलाय ते बघा. बऱ्याच नव्या एलपी डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात. त्या वाईट वाजतात असं नाही, पण "अस्सल अ‍ॅनालॉग" म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही. नवख्या माणसाला मी सांगेन, पहिला पैसा सुईवर घाल आणि दुसरा बेअरिंगवर. मोबाइलवर एका बोटासरशी गाणं पुढे ढकलता येतं, इथे एलपीची एक बाजू लावली की वीसेक मिनिटं बैठक मारावी लागते. मला तरी ख्याल असाच ऐकायला आवडतो.

पुढचं काम मोनो वायरिंगचं. ७८ ची खाच फक्त आडवी हलते, त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन्ही चॅनेल जोडले की उभ्या हालचालीतून येणारा गोंगाट कापला जातो. स्विच आणलाय, हेडशेलच्या (कार्ट्रिज बसवायच्या टोकाच्या) तारा बारीक आहेत म्हणून सोल्डरिंग शांतपणे करणार. सिरॅमिक कार्ट्रिजला बसणारी ७८ ची जादा सुई कोणाकडे असेल, तर कळवा. बदल्यात उद्यमनगरात बुश करून घ्यायला सोबत येईन.