तुम्ही विचारलंत म्हणून : खाडीतला चिखल

ओहोटीच्या वेळी रेवसच्या धक्क्यावर पाहुणा उतरला, की घरी पोचायच्या आत त्याचा प्रश्न ठरलेला असतो : "हा एवढा चिखल कुणी साफ का करत नाही?" धरमतरच्या पुलावरून येणारेही हेच विचारतात. मी खारेपाटातली, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, धरमतर खाडीच्या बांधावर वाढलेली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तो चिखल घाण नाही. या खाडीला मिळणारी अंबा नदी सह्याद्रीवरून माती आणते. तिचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर सारत तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की मिठामुळे ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. नदी आणि समुद्राची गाठ पडते तिथं चिखल होणारच. उपसलात तरी पुढच्या पावसात परत येईल. वास येतो, कारण चिखलाच्या पोटात हवा पोचत नाही आणि तिथं पाला कुजवणारे जीवाणू गंधकाचा वायू सोडतात.

आता पाच मिनिटं हलू नका. डोक्यावर डोळे असलेली निवटी बिळातून वर येईल. मासा असून ती चिखलावर उड्या मारते. कल्ल्यांत पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि अंग सुकू नये म्हणून मध्येच चिखलात लोळून घेते. शेजारी बोटाच्या पेराएवढे खेकडे एकच मोठा नांगा वर-खाली हलवत असतात. ते नर, माद्यांना बोलावतात. त्यांच्या बिळांतून हवा चिखलात उतरते आणि खाडीकाठच्या तिवर या झाडाच्या मुळांना ती उपयोगी पडते. तिवराची मुळं तर पेन्सिली रोवल्यासारखी चिखलातून वर आलेली दिसतात, श्वासासाठीच. मी लहान असताना आजी तिवराचं पान माझ्या जिभेला लावायची, "चाट" म्हणायची. पान खारट लागायचं. मुळांतून आत आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

जिताडा या माशाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडे जावई आला तर जिताडा. तो वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात, पण त्याची वीण होते खाडीच्या मुखाजवळ, खाऱ्यात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, पावसाळ्यात उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भातखाचरांपर्यंत शिरतात. शेतकरी ती पकडून गावतळ्यात सोडतात. तळ्यात जिताडा चांगला पोसतो, पण गोड्या पाण्यात त्याची वीण होत नाही, म्हणजे दरवर्षी पिल्लं खाडीनंच द्यायची. शिवाय हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. बाजारात आपण ज्याच्याकडे कौतुकानं बघतो तो सर्वांत मोठा जिताडा बहुधा आईच असते. हे कळल्यापासून मी मोठा जिताडा मागत नाही.

म्हणून मुरूम टाकून खाजण, म्हणजे भरतीचं पाणी येणारी ही चिखलाची जमीन, बुजवलेलं पाहिलं की मला राग येतो. माझ्या माहेरच्या बांधाबाहेर असा एक तुकडा भरला गेला. तिथं आता ना निवटी, ना तिवर. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ सालीच राज्यातली कांदळं, म्हणजे तिवरासारखी खाऱ्या चिखलातली झाडं, तोडायला मनाई केली. पण मुळांपर्यंत भरतीचं पाणी पोचू दिलं नाही, तर कुऱ्हाड न लावताही झाड मरतं. आम्ही खारेपाटकरही खाडी अडवूनच भात पिकवत आलो, हे मला मान्य आहे. फक्त जुन्या बांधाला उघाडी असायची, आणि बांधाला खांड पडली की सगळं गाव चिखलाची ढेपळं घेऊन धावायचं. भरावाला उघाडी नसते.

तेव्हा पुढच्या खेपेला अमावास्या किंवा पौर्णिमा धरून या. उधाणाला इकडे भरती दुपारी बाराच्या पुढे असते, ओहोटी साधारण सहा-सातला. उन्हं उतरली की बांधावर जाऊ. चपला घरीच ठेवा, चिखल ओढून घेतो. मी तिवराचं पान तोडून देईन.