दुधाआधी ऊब

आई नसलेलं मांजराचं पिल्लू सांभाळतेय म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "दूध कुठलं देतेस?" प्रश्न रास्तच आहे, पण दुधाचा नंबर दुसरा.

पिल्लाचे डोळे मिटलेले होते, कान डोक्याला चिकटलेले आणि पोटावर सुकलेल्या नाळेचा तुकडा. म्हणजे जन्मून जेमतेम तीन-चार दिवस झालेले. मांजरी पिल्लांना सोडून बराच वेळ बाहेर असतात, म्हणून आधी लांबूनच वाट पाहिली. पण पिल्लाचं अंग गार पडायला लागलं, तेव्हा उचललंच.

गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, हे पशुवैद्यांनी फोनवरच बजावलं. अंगात ऊब नसली की पचन थांबतं, आणि गिळायचं त्राण नसल्याने दूध फुप्फुसात जायची भीती. पहिल्या आठवड्यात तर पिल्लाला कुडकुडताही येत नाही. म्हणून खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली, तीही एकाच बाजूला. उकडलं तर सरकायला जागा हवी. पोट हाताला उबदार लागलं, तेव्हा कुठे बाटली काढली.

दूध मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचं. गाईच्या दुधात त्यांच्या मानाने प्रथिनं कमी पडतात आणि जुलाबही लागू शकतात; एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथं हवं, आईजवळ असतं तसं. बाळासारखं उताणं धरलेले फोटो गोड दिसतात, पण ठसका लागायची ती खात्रीची रीत. निपल नीट तोंडात बसलं की प्रत्येक घोटाबरोबर पिल्लाचे कान हलतात. ते दिसलं की मी निर्धास्त.

शी-शूचं मात्र कुणीच विचारत नाही. इतकी लहान पिल्लं स्वतःहून करतच नाहीत, आई चाटते तेव्हा होते. आईऐवजी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस, हलक्या हाताने, प्रत्येक वेळी पाजताना. जवळपास तीन आठवडे हे चाललं. पहाटे तीन वाजता मांजराला शू झाली म्हणून आनंद होतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर हसले असते.

सगळ्यात कामाची वस्तू ठरली ती स्वयंपाकघरातला वजनकाटा. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. रोज त्याच वेळी, त्याच वाडग्यात बसवून वजन घ्यायचे. एकदा आकडा हललाच नाही. पिल्लू वळवळत होतं, ओरडतही होतं, बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं. पण पुढच्या वेळी बाटली तोंडात धरेना, तशी तडक दवाखाना गाठला. अंगातलं पाणी कमी झालं होतं. कातडीखाली सलाइन दिलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. रडण्या-झोपण्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा काट्यावर भिस्त ठेवावी, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

पुढचं भराभर झालं. दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडले, निळे. तो रंग पुढे बदलतो. मग दात आले आणि निपलची चाळण झाली. चार आठवड्यांच्या सुमारास दुधात कालवलेलं मऊ खाणं बशीत दिलं, तर आधी चारही पाय त्यात.

एकट्या पिल्लाची एक अडचण राहतेच. किती जोरात चावायचं हे भावंडं शिकवतात, आणि इथे भावंड नव्हतं. माझे हात ओरखड्यांनी भरले. शेवटी लसीकरण झाल्यावर घरातल्या थोरल्या बोक्याशी गाठ घालून दिली. त्याने दोन चापट्यांत जे शिकवलं, ते मला जमलं नसतं.