बीटलचं पोट आणि नागपूरचे ब्रेकर

जमिनीला टेकलेली जुनी फॉक्सवॅगन बीटल फोटोत फार देखणी दिसते. फोटोत ब्रेकर नसतो ना! नाक किंचित झुकलेलं, मडगार्डाच्या कमानीत पुढचा टायर अर्धा झाकलेला, क्रोमच्या बंपरवर सकाळचं ऊन. मग तीच गाडी प्रतापनगरातल्या एखाद्या गल्लीतून बाहेर निघते आणि पहिल्याच उंचवट्यावर पोटाखालून असा खर्रकन आवाज येतो की ठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबतो.

खाली बसवलेली, म्हणजे मुद्दाम उंची कमी केलेली गाडी रोज चालवताच येत नाही, असं मानणारे बरेच आहेत. ते चुकतात. हौसेनं खाली बसवून वर्षभरात विकून टाकणारेही बरेच आहेत, आणि त्यांचं चुकतं ते बहुधा एकाच ठिकाणी: उंची त्यांनी चित्रं बघून ठरवलेली असते. ती ठरवायची असते रोजच्या वाटेवरच्या सगळ्यांत वाईट ब्रेकरवरून.

ब्रेकरांतही जाती आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तो एक तुकडा. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.४ मीटर. म्हणजे मधोमध आल्यावर चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाच्या आड येतात जेमतेम चार सेंटीमीटर. मूळ बीटलचं पोट जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटर वर असतं. सहा सेंटीमीटर खाली आणली तरी असा ब्रेकर ती हसत पार करते. खरा वैरी दुसराच. घराच्या बांधकामातून उरलेलं सिमेंट वापरून गल्लीकरांनी स्वतः घातलेला, हातभर रुंद आणि सहा इंच उंच. त्याच्या दोन्ही बाजूंना चाकं सपाट रस्त्यावर असतात, त्यामुळे त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाला भेटते. तो तर कंपनीतून आली तशी बीटलसुद्धा घासून पाठवतो.

मोजायची रीत साधी आहे. २० सेंटीमीटर उंचीचे दोन ठोकळे घ्या, २.४ मीटरवर ठेवा आणि त्यांच्या माथ्यांवरून सुतळी ताणून बांधा. ब्रेकर मधे येईल असं हे जुगाड रस्त्यावर मांडायचं. सुतळीपासून ब्रेकरच्या माथ्यापर्यंत जे अंतर येईल ते २० मधून वजा केलं, की तो ब्रेकर किती वर घुसतो ते कळतं. ठोकळे थोडे थोडे सरकवत सगळ्यांत मोठा आकडा शोधा आणि त्यात तीन सेंटीमीटर मिळवा, कारण चाक उतरताना गाडी दबते. ही तुमची किमान उंची. गाडीची उंची मोजताना मात्र ४० लिटरची टाकी भरलेली हवी आणि मागच्या सीटवर दोन धडधाकट माणसं बसलेली हवीत. सावजीवर ताव मारून आलेली असतील तर उत्तमच. मोजायचं चार ठिकाणी: पुढच्या आडव्या नळ्यांतली खालची, मधला पत्रा, इंजिनच्या तळाची तेलाची प्लेट आणि सायलेन्सर.

नागपुरात आणखी एक परीक्षा असते. सिमेंटचे रस्ते झाले आणि कितीतरी जुन्या घरांची फाटकं रस्त्याच्या खाली गेली. फाटकापासून रस्त्यावर चढायला आखूड आणि तीव्र उतार उरला. ब्रेकर तिरका घेता येतो, एकेक चाक चढवत. फाटकातून तिरकं निघायला जागा कुठली! तिथे पोटाआधी चढाला लागतो पुढचा बंपर, आणि मग मागच्या धुराच्या दोन नळ्या. नळ्या वाकल्या तर कारागीर सरळ करून देतो, पण सायलेन्सरचा सांधा हलला की फटफट सुरू होते आणि ती गल्लीभर ऐकू जाते.

आता नाक. कापाकापीच्या आधी टायरांचा विचार करा. बीटलवर आज सहसा १६५/८० आर १५ असतात. उभा व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर. पुढे १४५/६५ आर १५ घातले तर व्यास ५७० च्या आसपास येतो. त्रिज्येत फरक पडतो दीड इंचाचा, म्हणजे काहीही न कापता नाक दीड इंच खाली. फुकट मात्र काही नाही. स्पीडोमीटरची केबल पुढच्याच चाकाच्या टोपीतून निघते. चाक लहान झालं की खरा वेग ६० असताना काटा ६८ दाखवतो, आणि किलोमीटरही त्याच प्रमाणात फुगतात. टायर बदलल्यावर मायलेज वाढलं असं कोणी सांगितलं तर मान डोलवावी आणि विषय बदलावा. शिवाय पातळ टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यात रिमला वाचवत नाही. रोजच्या गाडीला १३५/८० आर १५ बरे. नाक जवळजवळ एक इंच उतरतं आणि टायरच्या भिंतीत थोडी गादी शिल्लक राहते. फक्त ओल्या रस्त्यावर ब्रेक जरा आधी दाबायचा, कारण रबर अरुंद आहे.

याहून खाली जायचं तर पुढच्या सांगाड्याला हात लावावा लागतो. तिथे एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या असतात आणि प्रत्येकीत पोलादी पट्ट्यांचा जुडगा. जुडगा मधोमध एका स्क्रूनं पकडलेला. त्याला पीळ बसतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. रस्त्याकडेचा झटपट उपाय म्हणजे जुडग्यातल्या काही पट्ट्या काढून टाकणं. गाडी खाली बसते, पण स्प्रिंगच मऊ झालेली असते. प्रत्येक खड्ड्यात आपटते, ब्रेक दाबला की नाक जमिनीकडे जातं. हा उपाय करूच नये.

दुसरा उपाय ॲडजस्टरचा. दोन्ही नळ्या मधोमध कापून तिथे दातेरी ॲडजस्टर वेल्ड करायचे, म्हणजे जुडग्याचा कोन हवा तसा बदलता येतो. हे काम सांगाडा गाडीवरून उतरवूनच करावं. पेट्रोलची टाकी त्याच्या अगदी मागे-वर असते, आणि टाकीशेजारी वेल्डिंग करणाऱ्याला पोलिसांची नाही, अग्निशमन दलाची भीती वाटायला हवी. सलग वेल्ड मारली की नळी तापून वाकते, आणि मग टोकाची सुईबेअरिंग वर्षभरात खातात. समोरासमोर छोटे टाके घालत, थंड होऊ देत काम करणारा वेल्डर शोधा. दोन दिवस जास्त लागले तरी चालतील.

तिसरा उपाय स्पिंडलचा, म्हणजे पुढचं चाक ज्या तुकड्यावर बसतं तो बदलायचा, आणि मला तोच पसंत. अडीच इंच खाली आणणाऱ्या स्पिंडलमध्ये चाकाचा खुंट तेवढा वर सरकवलेला असतो. स्प्रिंगचा कोन, शॉकअपची चाल, चाक ज्यावर वळतं त्या गोल सांध्याचा, म्हणजे बॉल जॉइंटचा कोन, सगळं मूळचंच राहतं, त्यामुळे गाडी मऊही होत नाही आणि कडकही नाही. १९६६ च्या मॉडेलपासून किंगपिनचा उभा खिळा जाऊन बॉल जॉइंट आले. त्या गाड्यांत ॲडजस्टर फार फिरवले की बॉल जॉइंट टोकाला अडकतो. स्पिंडलला ही भानगड नाही. खोट एवढीच की चाकं थोडी बाहेर येतात आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डाच्या कडेला लागू शकतो. अरुंद टायर इथे पुन्हा कामाला येतो. स्पिंडल आणि १४५/६५ दोन्ही एकदम मात्र नको. अडीच आणि दीड मिळून चार इंच, म्हणजे १० सेंटीमीटर गेले. उरलं काय?

बीटलच्या १३०२ आणि १३०३ या मॉडेलांत पुढे नळ्या नसून स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले उभे दांडे असतात. त्यांना यातलं काही लागू नाही.

नाक खाली आणि शेपूट वर राहिली की एक गोष्ट हमखास बिघडते. चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. शहरात कळत नाही. वर्धा रोडवर सत्तर-ऐंशीला गाडी डावीउजवीकडे भरकटायला लागते, ट्रक शेजारून गेला की हलते. लोक स्टिअरिंग बॉक्स बदलतात, डॅम्पर बदलतात, टायरवाल्याशी भांडतात. उपाय स्वस्त आहे: खालची नळी जिथे चेसिसला बसते तिथे मधे कॅस्टरच्या चकत्या घालायच्या आणि त्या ठिकाणचे बोल्ट तेवढे लांब घ्यायचे. जुनेच बोल्ट वापरले तर आटे अपुरे धरतात. त्यानंतर टो, म्हणजे वरून बघताना पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, जुळवून घ्यायचा.

मागची बाजू घाईच्या माणसाचं काम नाही. तिथे पोलादी टॉर्शन बार, म्हणजे पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा दांडा असतो. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता फिरवला की ९ अंश, बाहेरचा फिरवला की ८ अंश १० मिनिटं. एक इकडे आणि एक तिकडे फिरवला तर फरक पडतो फक्त ५० मिनिटांचा, म्हणजे चाकाशी सुमारे सहा मिलिमीटर. सुतारालाही हेवा वाटावा इतकी बारीक ही मोजपट्टी. बाहेरचा एकच दाता बदलला तर शेपूट साधारण सव्वादोन इंच उतरते. रोजच्या गाडीला तेवढं पुष्कळ.

खोलण्याआधी दोन खुणा करा. एक, बार आणि ॲक्सल यांना जोडणाऱ्या स्प्रिंग प्लेटचा मूळ कोन, प्लेटवर आणि तिच्या मागच्या पत्र्यावर टोकदार खिळ्यानं आखून. दोन, प्लेटच्या खाचेत ॲक्सल नेमका कुठे बसला आहे, छिन्नीनं. दुसरी खूण विसरली तर मागची चाकं पुन्हा जुळवायला जाणकार शोधत फिरावं लागतं. गाडी चार लोखंडी घोड्यांवर हवी, जॅकवर नाही. कव्हरचे चार बोल्ट निघाले तरी प्लेट खालच्या ठोकळ्यावर ताणातच टेकलेली असते. ती पहारीनं बाहेर ओढली की सणसणून खाली येते, आणि मधे हात असला तर हात जातो. खाली जॅक लावून सावकाश सोडायची. बारवर ओरखडा पडू देऊ नये. तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून रंग उडालेला दिसला तर लावूनच बसवा. डावा आणि उजवा बार वेगळे असतात, अदलाबदल चालत नाही. रबरी बुश बसवताना तेल-ग्रीस नको, टाल्कम पावडर.

१९६० च्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत मागे स्विंग ॲक्सल असतो. तो खाली आला की चाकांची वरची बाजू आत झुकते. सव्वादोन इंचाला चार-पाच अंश. दिसायला झकास, पण टायर आतल्या कडेनं झिजतो, आणि ही झीज उभ्यानं दिसत नाही. दर दोन महिन्यांनी खाली बसून टायरची आतली बाजू हातानं चाचपावी. मूळ लांबीचे शॉकअप ठेवले तर ते आतल्या आत तळाला आपटून फुटतात, आखूड घ्यावे. ॲक्सलचा धक्का झेलणारे रबरी ठोकळे अर्धे कापले तरी चालतील, काढून टाकू नयेत.

आणि मग आपला मे महिना. हवा ४५ अंशांवर असताना जी गाडी हवेवरच थंड राहते तिच्याकडून काय अपेक्षा करायची? अपेक्षा करता येते, पत्रे जागेवर असतील तर. इंजिनभोवतीचा प्रत्येक पत्रा आणि कडेची रबरी पट्टी वरची थंड हवा खालच्या गरम हवेपासून वेगळी ठेवते. पट्टी फाटली की पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. जुन्या इंजिनांत तेलाचा कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यात उभा असतो, म्हणून आधी जळतो तो तिसराच. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला गेला. तेल २.५ लिटर, २०डब्ल्यू-५०. कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी, म्हणून इथल्या धुळीत ३,००० किलोमीटरला बदलावं. जास्त तेल मावावं म्हणून लोक तळाला जादा संप, म्हणजे तेलाचं भांडं लावतात. तो नेमका तिथेच लोंबतो जिथली उंची आपण आत्ताच घालवली. खाली बसवलेल्या गाडीला तो लावू नये. व्हॉल्व्हची फट ०.१५ मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड असताना. मे महिन्यात याचा अर्थ पहाटे.

पेट्रोलच्या नळ्या आजच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकतील अशा, आर ९ दर्जाच्या घ्याव्यात. जुन्या कापडी नळ्या त्यात लवकर चिरतात. पेट्रोलचा फिल्टर ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर टांगू नये. मागून धूर आलेल्या बीटलांत ही दोन कारणं फार वेळा सापडतात.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे खाली बसवून रोज ऑफिसला न्यायची तर ती वाट बंद. साधी नोंदणी ठेवली तरी गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. टायर आणि स्पिंडल पुन्हा मूळचे घालता येतात. कापलेला सांगाडा येत नाही. मूळ भाग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत.

राहिली हवा. पुढे १८, मागे २७, कारण इंजिन मागे, म्हणून वजन सगळं मागे आहे. पंपावरच्या पोराला हे सांगितलं की तो एकदा गाडीकडे बघतो, एकदा तुमच्याकडे, आणि चारही चाकांत ३२ भरतो. स्वतःचं गेज डॅशबोर्डात ठेवा आणि घरी येऊन जास्तीची काढून टाका.