सायनोटाइपसाठी स्कॅनर निवडताना

पडद्यावर एकसारखी चढत जाणारी राखाडी चौकोनांची पट्टी सायनोटाइपमध्ये (लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उजेडाने निळा फोटो छापण्याची जुनी पद्धत) छापली की गडद टोकाच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि उजळ टोकाला नुसता कोरा कागद उरतो. हे सुधारायचं तर छापलेला प्रत्येक चौकोन मोजायचा आणि त्या आकड्यांवरून डिजिटल निगेटिव्हला (छापताना कागदावर ठेवायची, पारदर्शक फिल्मवरची उलटी प्रतिमा) उलटा कर्व्ह, म्हणजे छटा कमी-जास्त करणारी वक्ररेषा, द्यायचा. रंग अचूक मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर परवडणारा नव्हता, म्हणून फ्लॅटबेड स्कॅनर शोधायला लागलो.

दुकानात जो तो डीपीआयच (स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो ते) सांगत होता. पण चौकोनाची सरासरीच घ्यायची असेल तर ३०० डीपीआय पुरे. मला हवा होता तो भरवसा: तीच पट्टी काचेवर कुठेही ठेवा, आज ठेवा की उद्या, आकडा तोच आला पाहिजे.

म्हणून एक प्रिंट सोबतच घेऊन हिंडलो. काचेच्या मधोमध, मग कडेला, मग उलट्या दिशेने फिरवून स्कॅन करायचं आणि आकडे ताडून बघायचे. सीआयएस सेन्सरचा (काचेला अगदी लगटून वाचणारा) सडपातळ स्कॅनर इथे मागे पडला. धुऊन वाळलेला वॉटरकलर कागद थोडा तरी वाकतोच, आणि जिथे तो काचेपासून जरासा उचलला जाई तिथे तोच चौकोन जास्त गडद दिसे. सीसीडीवाल्याला (आरसे आणि भिंगातून बघणाऱ्या जाडसर स्कॅनरला) कागदाचा हा उंचसखलपणा बराच चालतो. शेवटी वापरलेला सीसीडी स्कॅनरच घेतला. त्याचा दिवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढं थांबतो.

सॉफ्टवेअरमधलं ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, रंगसुधारणा सगळं बंद. स्कॅन ४८ बिट रंगीत, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलना १६-१६ बिट. निळ्या चॅनेलमध्ये छटांमधला फरक फारच कमी दिसतो, लाल चॅनेल गडद टोकाला लवकर तळ गाठतो. म्हणून मी Lab या रंगमापन पद्धतीतला L, म्हणजे उजळपणाचा आकडा, मोजतो; डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाच्या तो सर्वांत जवळ आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. गडद चौकोनाशेजारी पांढरा असेल तर त्याचा परतलेला उजेड गडदाचा आकडा वाढवतो. त्यामुळे चौकोन क्रमाने न लावता विखरून ठेवावेत, एकच छटा दोन-तीन ठिकाणी घ्यावी आणि सरासरी काढावी. शिवाय धुतल्यावर निळा रंग हवेत हळूहळू गडद होत जातो, म्हणून स्कॅन दुसऱ्या दिवशी. घाई असेल तर धुण्याच्या पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. कागद बदलला की मात्र पट्टी नव्याने छापावीच लागते.